पायरीला पाणी लागलं की

६ फेब्रुवारी
नववीला हवामानबदल. कारणं, परिणाम. कारखान्यांचा धूर, गाड्या, झाडतोड, शेतात जाळलेलं उसाचं पाचट... एवढं फळ्यावर लिहितेय तोवर खिडकीतून काजळी आत. मागच्या बाकावरून आवाज, "बाई, धूर तुमच्याच रानातनं येतोय की." वर्ग हसला. मीही हसले, काय करणार.
घरी ह्यांना बोलले. म्हणे सगळं शिरोळ जाळतंय, आपल्या एकट्याच्या काडीनं काय आभाळ फाटत नाही. प्रत्येक जण हेच म्हणत असेल. भांडले नाही, वह्या तपासायच्या होत्या.

१५ फेब्रु.
पूजाचा कागलहून फोन. पोरगी आई होणार! आनंदानं रडूच आलं. मग तारीख विचारली. ऑगस्ट. ऑगस्टात कृष्णेचं पाणी अंगणात असेल की माजघरात, कोण सांगणार. तेव्हापासून कशात लक्ष नाही.

२ जुलै
ह्यांनी पूजाला आणलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, रीत आहे. मी म्हटलं होतं, कागल उंचावर, तिला सासरीच राहू दे, मी जाऊन राहते. हे तडकले. "लेकीला मूल व्हायच्या आधी तिच्या घरचं पाणीबी पीत न्हाईत. लोक काय म्हणतील?" लोकांना पुरात बोटीतून काढावं लागतं, तरी बोलायची हौस दांडगी.

२७ जुलै
जून कोरडा गेला, आता सगळा एकदमच कोसळतोय. सारखी नदीवर जाऊन येते. पूजा म्हणते आई, बस की जरा.
ह्यांचं जुनंच. मारुतीच्या पायरीला पाणी लागलं की निघायचं, सासऱ्यांपासून चालत आलंय. मागल्या पुरात पायरीला लागलं म्हणेपर्यंत पाणी गोठ्यात होतं, एक म्हैस गेली आपली. म्हटलं, पायरी तीच आहे, पाऊस तो राहिला नाही.

२९ जुलै
आज विचारलंच नाही. गाडी बोलावली, पूजाला बसवलं, मागोमाग मी. ह्यांनी पिशवी हातात दिली, तोंड फिरवलं. म्हशींची सोय लावून येतो म्हणाले. राग आला, भीतीही वाटली.
कागलला विहीणबाईंनी दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. क्षणभर हात अडला. मग प्याले.

३१ जुलै
दुपारी ह्यांचा फोन. "पायरीला लागलंय. निघतो आता."
नंतर फोन लागतच नाही. शिरोळचा रस्ता बंद झाला म्हणतात. त्याआधी निघाले असतील की...
पूजाला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आणलंय. बाहेरच्या बाकावर लिहितेय, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. आत नेताना तिनं माझा हात धरला, विचारलं, "बाबा निघालेत न्हवं?"
निघालेत म्हटलं.