थर लावलेली तंबाखू

परदेशीपुरा, इंदूर
४ डिसेंबर १९९७

ती. वन्संना,
सुलोचनेचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र दिवाळीनंतर लगेच आलं, उत्तराला उशीर झाला. शाळेत सहामाहीचे पेपर होते हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. ‘इकडे सर्व क्षेम’ असं सवयीनं लिहून झालं होतं, मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तो कागद फाडला.

थंडी पडली आहे. अमिताचं पुण्याहून पत्र आलं, ती आणि जावई हृषीकेश खुशाल आहेत. माझे गुडघे बोलतात. घरात तेवढेच बोलतात म्हणा ना.

तुमच्या भावाचं तसंच आहे. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्याला हा दुसरा हिवाळा. पहिले काही महिने निदान भांडायचे, पेपर वाचून चिडायचे. आता ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच. सकाळी अंघोळ करून शर्ट घालतात आणि ओसरीतल्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसतात. मी शाळेतून येते तेव्हाही हात तिथेच असतात. वन्सं, मला त्या हातांकडे बघवत नाही.

तुम्ही लिहिलंत की संक्रांत झाली की आमच्या निशांतला पाठवते, अच्युतला कायमचं नागपूरला घेऊन येईल, तिथे ओळखीचे डॉक्टर आहेत, आणि तू अमिताकडे जाऊन जरा पाठ टेक. तुमच्या मनात माया आहे हे मला कळतं. पण तुम्हालाही ठाऊक आहे की ते एकदा इथून उठले तर परत या खुर्चीवर यायचे नाहीत. कुणी नेऊन ठेवलं तिथे बसतील आणि बसूनच राहतील. मला संक्रांतीपर्यंत विचार करू द्या, मग हो किंवा नाही कळवते.

एक गंमत सांगते. जावईबापू जहाजावरून आले ते सासऱ्यांसाठी पाइप घेऊन. सोबत तंबाखूची चार पाकिटं. “आई, बाबांना काहीतरी छंद हवा. यात भरपूर वेळ जातो,” म्हणाले. या घरात पाइप! तुम्ही हसाल. ज्या माणसानं जन्मात काडीपेटीला हात लावला नाही त्याला पाइप.

तुम्हाला आठवतं ना? मिलमध्ये रुईच्या खात्यात काडी नेणं म्हणजे खून केल्यासारखं. फाटकावर खिसे तपासायचे. आणि हे तर मिक्सिंग मास्टर, आठ गावची रुई एकत्र मिसळायचं काम यांचं, ढीगच्या ढीग समोर. घरीसुद्धा काडीपेटीला शिवायचे नाहीत. देवाचा दिवा मी लावायचा, गॅस मी, दिवाळीचे अनारसुद्धा मीच. अमिता लहानपणी रडायची, बाबा तुम्ही लावा ना. तर म्हणायचे, “मिक्सिंगमध्ये रुई आहे तोवर नाही. हाताला सवय लागली की हात खिशात काडीपेटी ठेवतो.” हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं.

तर पाइप फडताळात पडून आहे. मी एका पाकिटाचा वास घेऊन बघितला. अगदी कस्टर्डसारखा. असो.

तुमची
सुलोचना

*

इंदूर, २८ डिसेंबर १९९७

ती. वन्संना सा. न.

तुमचं कार्ड मिळालं. निशांतनं रजा टाकली हे वाचलं.

आता जे लिहिते ते वाचून पत्र फाडून टाका, कारण तुमच्या सुनेनं वाचलं तर आमच्या घराण्याचं काही खरं नाही. मी पाइप ओढते.

सांगते कसं झालं ते. आधी मी पाइप यांच्या हातात ठेवून पाहिला. त्यांनी बाजूला ठेवला. मग मला वाटलं, कुणी समोर करून दाखवलं तर बघतील तरी. शाळेत पोरांना शिकवायची तीच रीत. म्हणून रविवारी दुपारी मागच्या अंगणात तुळशीकडे पाठ करून बसले, पदर कमरेला खोचला आणि हृषीकेशनं लिहून दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे सुरू केलं.

पहिल्यांदा ते कस्टर्ड भरलं. वास इतका गोड की वाटलं मजा येणार. कसली मजा! मी ठासून भरलं होतं, गादीत कापूस भरतात तसं. ओढते तर हवाच येत नाही. कशीबशी पेटली तर जीभ अशी पोळली की दोन दिवस आमटीची चव कळली नाही. गोड वास नाकाला, तोंडाला नुसता चटका. दुसरं पाकीट काळंकुट्ट, त्याला होळीच्या दुसऱ्या दिवशी चौकात येतो तसा वास. ते पेटवलं आणि शेजारच्या शशिकला भिंतीवरून ओरडल्या, “अहो भाभी, तुमच्याकडे काही जळतंय काय? पूरा मोहल्ला धुआँ धुआँ होऊन राहिला ना!” मी म्हटलं, जुनी गादी जाळतेय. तिसऱ्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, पण ओढलं की घसा कोरडा. आणि नळीत पाणी साचून गुडगुड आवाज, आपल्याकडच्या हुक्क्यासारखा. ओली तंबाखू घाईनं ओढली की असं होतं, असं चिठ्ठीत होतं. मी घाईचीच बाई.

चौथं पाकीट मात्र पिवळं. वाळलेल्या गवताचा, थोडा मनुकांचा वास. ते सैल भरलं, हळूहळू ओढलं, मध्ये विझू दिलं, पुन्हा पेटवलं. वन्सं, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पाइप तोंडात असला की कुणाशी बोलावं लागत नाही. घरात बोलणारी मी एकटी. सकाळपासून भाजीवाल्याशी, मुलांशी, या भिंतींशी मीच बोलत असते. त्या अर्ध्या तासात मलाही गप्प बसायची परवानगी मिळाली.

मग माझ्या लक्षात आलं की ओसरीतून हे बघताहेत. माझ्याकडे नाही, तंबाखूकडे.

म्हणून मी मुद्दाम मागेच लागले. रोज संध्याकाळी त्यांच्या समोर ‘नईदुनिया’चा पेपर पसरायचा, त्यावर चारही पाकिटं ओतायची आणि भेळ कालवतात तसं वाटेल तसं मिसळायचं. “आता हे काळं थोडं जास्त घालू,” असं मोठ्यानं म्हणायचं. मूठ मूठ टाकायची. तुमच्या भावाला चुकीचं मिक्सिंग सहन होत नाही, हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पोह्यात कांदा सगळा एका बाजूला राहिला म्हणून त्यांनी ताटली फिरवून फिरवून खाल्ली होती.

चार-पाच दिवस काही नाही. मग एकदा त्यांनी वाकून पिवळी तंबाखू चिमटीत घेतली, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरली आणि हलकेच ओढून तोडली. रुईचा धागा किती लांब आहे ते बघायला असंच ओढायचे ना, घरी आणलेल्या वातीच्या कापसालासुद्धा. मी मान वर केली नाही, काळं पाकीट उपडं करत राहिले.

तेव्हा म्हणाले, “असं नाही.”

मी हात थांबवला.

“थर. आधी थर लाव.”

वन्सं, इतक्या महिन्यांत एका दमात एवढे शब्द. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायचं निमित्त करून रडले.

आता तुम्हाला खरं सांगायला हवं. मी विचार करायला मुदत मागितली ती उगीच. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं झालं होतं. मी माळ्यावरून ट्रंक काढून पुसूनसुद्धा ठेवली होती. त्यात त्यांचे कपडे भरायचे होते. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी त्यांना पाठवणार होते. दमले होते हो मी. शाळा सुटल्यावर घरी यायला पाय उचलत नव्हते, म्हणून बड्या गणपतीला जाऊन बसायचे, देवाशी बोलायला नाही, नुसती बसायला. आणि मनात म्हणायचे, की आज घरी कुणी नसतं तर किती बरं झालं असतं. आपल्या माणसाबद्दल असं वाटतं म्हणजे मी कशी बाई आहे, हे तुम्हीच सांगा.

ट्रंक अजून पलंगाखालीच आहे. भरलेली नाही, परत माळ्यावर ठेवलेलीही नाही.

तुमची
सुलोचना

*

इंदूर, १६ जानेवारी १९९८

ती. वन्संना सा. न. तिळगूळ घ्या.

वेगळ्या पाकिटातून थोडा हलवा पाठवते आहे. परवा संक्रांत झाली. गल्लीत दिवसभर पोरांचा गिल्ली-डंडा चालू होता, आमच्या खिडकीची एक काच गेली.

आधी थरांचं सांगते. तुमच्या भावानं जुन्या बिस्किटांच्या डब्यात तंबाखू रचली. खाली पिवळीचा जाड थर, त्यावर शेंगदाण्यांच्या वासाची, मग काळीचा अगदी पातळ, पुन्हा पिवळी. कस्टर्ड त्यांनी घेतलंच नाही, नुसता नाक मुरडून हात हलवला. मी विचारलं, आता ढवळू? तर म्हणाले, “मुरू दे. एकमेकांची हवा लागू दे.” दोन दिवस डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. मग वरून खाली सरळ बोटं घालून उभी चिमूट काढली, म्हणजे प्रत्येक चिमटीत प्रत्येक थर येतो. मिलमध्ये रुईच्या ढिगाचं असंच करायचे म्हणे, गाठी सोडून आडवे थर लावायचे आणि उभे तोडायचे. इतकी वर्षं त्यांचा डबा भरला, पण ते नेमकं काय काम करतात ते मला या तंबाखूवरून कळलं.

मी ती ओढली. कुठलाच वास पुढे येत नव्हता आणि सगळे होते. जीभही पोळली नाही.

पण ते स्वतः पेटवेनात. रोज पाइप भरायचे, हलक्या हातानं, बोटानं दाबून बघायचे, तोंडात धरायचे आणि तसेच बसायचे. मी काडीपेटी पुढे केली की मान फिरवायचे. मीही सोडून दिलं. बोलणं वाढलं होतं असंही नाही. डब्यापुरतं बोलायचे, मग पुन्हा हात मांडीवर. मला वाटायला लागलं की आपण उगीच आशा धरली, निशांतला येऊ द्यावं. परवा सकाळी मी ट्रंकेत त्यांचे दोन स्वेटर ठेवले सुद्धा.

दुपारी दिवाकर तिळगूळ घेऊन आला. यांच्याच खात्यातला, मिल बंद झाल्यावर रिक्षा चालवतो. मी त्याला दारातच खूण केली की मिलचं काही काढू नकोस. पण तो बिचारा भरलेलाच आला होता.

“मास्टर साब, उतर गयी सब मशीनें,” म्हणाला. “भंगारवाले आले, क्रेन लावून ट्रक भरून राहिलेत तीन दिवसांपासून. कार्डिंग गेलं, ब्लो रूम गेलं. आपल्या मिक्सिंगची भिंत तोडली गाडी आत घ्यायला. अपन क्या कर सकते हैं, फाटकावर उभे राहून देखते रहे.”

मी यांच्याकडे बघितलं. पाइप तोंडात, भरलेला. दिवाकर उठायला लागला.

तेव्हा यांनी विचारलं, “रुई?”

“जी?”

“मिक्सिंगमध्ये रुई होती थोडी. कोपऱ्यातल्या ढिगात. कुलूप लागलं तेव्हा राहिली होती.”

“रुई कुठली आता, मास्टर साब,” दिवाकर म्हणाला. “सगळं झाडून नेलं. कापसाचा एक फाहा नाही राहिला. मी स्वतः आत जाऊन बघितलं ना.”

यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. मी तिळगुळाची वाटी पुढे केली.

“काडीपेटी,” म्हणाले.

वन्सं, त्यांना काडी ओढता येत नव्हती. पहिली मोडली, दुसरी मोडली. दिवाकर मदत करायला वाकला, मी त्याला धरून मागे ओढलं. मग एक पेटली. ती त्यांनी डोळ्यांसमोर धरून ठेवली आणि बघत राहिले, पार बोटाशी येईपर्यंत. नवी काडी काढली, ती पाइपाला लावली. तुम्हाला मामंजी गेले तो दिवस आठवतो ना, मडक्यात विस्तव घेऊन हे दारातून बाहेर पडले तेव्हा आपण दोघी उंबऱ्याशी उभ्या होतो. तोच चेहरा. तसाच.

धूर आला. खोकला आला. आणि मग ते रडले. मोठ्यानं, अंग हलवून, दिवाकरसमोर, शेजारच्या शशिकला भिंतीवरून बघत असताना. मला लाज वाटली नाही. दिवाकरही रडला. मी दोघांना पाणी दिलं आणि पाइप खाली पडू नये म्हणून हातात धरून उभी राहिले.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला गेले तर दिवा लागलेला होता.

तेवढंच. त्यापुढे चमत्कार झाला असं समजू नका. काल पुन्हा गप्पच होते. पण आज सकाळी चहात साखर कमी आहे म्हणाले, आणि मी शाळेत निघाले तेव्हा विचारलं, “कधी येशील?” मी काय सांगणार, म्हटलं, येते. आज बड्या गणपतीला न जाता सरळ घरी आले.

स्वेटर ट्रंकेतून काढले. ट्रंक माळ्यावर चढवायला माझे गुडघे तयार नाहीत, म्हणून निशांतला जरूर पाठवा. रजा टाकलीच आहे त्यानं. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. तो चढवून देईल आणि मामाच्या हातची तंबाखू बघेल. पण त्यांना न्यायला म्हणून येऊ नकोस, असं त्याला माझ्या वतीनं सांगा.

तुम्ही विचाराल, तू दमली होतीस त्याचं काय? दमलेय, वन्सं, अजूनही दमलेय. पण इतके दिवस या घरात मी एकटीच दमत होते. आता आम्ही दोघं दमलो आहोत.

तुमच्या अच्युतची
सुलोचना