बाइंडिंगला गेलेला कच्चा खर्डा

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (दुकानात आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा उभ्यानेच). तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त जेवण जात नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी एक सांगून टाकतो. कॉलेजची पायरी मी पुन्हा चढणार नाही. माझ्या ‘रांगेतली भांडणं’ या निबंधावर सरांनी ‘तुला नक्की काय म्हणायचंय?’ एवढाच शेरा मारला, मी तो निबंध त्यांच्यासमोर टराटरा फाडला आणि विषय संपला. (खिशातून घरी आणलेले तुकडे तू डब्यात भरून ठेवलेस म्हणे. कशाला, ते तूच जाणे.) आता मी कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात आहे. स्वतःचा एक निबंध पुरा केला नाही, पण इतरांचे शेकडो बांधलेत.

तिथेच ती आली, त्याच सरांची विद्यार्थिनी. विषय ‘बागेतली बाकं आणि त्यांवर बसणारी माणसं’. तीन आठवडे ती पहिलंच वाक्य लिहीत होती आणि खोडत होती. शुक्रवारपर्यंत निबंध दिला नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. तिचे डोळे भरून आले आणि माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. म्हटलं, पहिलं वाक्य शेवटी लिही, आधी वाईट का होईना, सगळं लिहून काढ. मग दुकानातल्या कात्रीने आम्ही तिचे परिच्छेद सुटे कापले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडत बसलो. (मालकांनी पंखा लावला आणि तिसरं बाक उडून यंत्राखाली गेलं. मी मालकांवर ओरडलो. नोकरी अजून आहे, काळजी नसावी.) क्रम लागला की तुकडे कोऱ्या पानांवर चिकटवून ती मोठ्याने वाचायची, मी पेन्सिलीने समासात शेरे लिहायचो. आणि मावशी, माझ्या हातून पहिलाच शेरा कोणता उतरला असेल? ‘तुला नक्की काय म्हणायचंय?’ लाजेने कान तापले. पण तिने कागद फाडला नाही. पेन चावत बसली आणि शेऱ्याखाली उत्तर लिहिलं. तेच निबंधाचं पहिलं वाक्य झालं. शेऱ्याखाली उत्तर लिहायचं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी काउंटरवर दोन गठ्ठे होते, एक कच्चा, एक पक्का. ती समोर उभी राहून हसली आणि मी कच्चा बांधला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. तिनेही न उघडता नेऊन दिला. शनिवारी सकाळी मालकांचा चहा पक्क्या प्रतीवर ठेवलेला दिसला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण अकराव्या पानाच्या समासात मी लिहिलं होतं, ‘हे वाचताना तू केस मागे घेतेस. छान दिसतेस.’

पळत गेलो. पायरी चढलो नाही, शब्दाचा पक्का आहे. खालूनच हाका मारल्या. सर स्वतः बाहेर आले, चहाचा डाग पडलेली प्रत निमूट घेतली आणि म्हणाले, कच्चा वाचल्यामुळे विचार तिनेच केलाय याची खात्री पटली, तिला परीक्षेला बसू देतो. (अकराव्या पानावर त्यांनी ‘विषयांतर’ असा शेरा मारला होता.) मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अक्षर ओळखलं मी. शेरे बरे मारतोस. तुझ्या स्वतःच्या निबंधाचं काय?”

भयंकर राग आला, पाय आपटत दुकानात परत आलो.

संध्याकाळी सरांकडून परत मिळालेली तीच बांधलेली प्रत घेऊन ती दुकानात आली, अकरावं पान उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुला नक्की काय म्हणायचंय?”

“अजून कच्चं आहे,” मी म्हणालो.

“मग शुक्रवारपर्यंत पक्कं करून आण.”

काकांना नमस्कार.

तुझाच,
तापट भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तो डबा पाठव. काका गोंद घेऊन बसले असतील तर त्यांना थांबव. तुकडे सुटेच हवेत, टेबलावर मांडून बघायचेत.

ता. क. पंखा बंद ठेवायचं मालकांनी कबूल केलंय. कात्री ती धरणार आहे.

ता. क. पायरीबद्दल वर जे लिहिलंय, ते कच्च्या खर्ड्यातलं समज. आणि सरांचा शेरा असलेला तुकडा तेवढा हरवू देऊ नकोस. त्याच्याखाली दोन ओळींची जागा उरली आहे का, बघून कळव.