उलट्या चपला

तीर्थरूप बाबांना,
गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. गाडी एकदाच रुसली, तीही चहाच्या टपरीसमोर, त्यामुळे तुमचे जावई खूशच झाले. तुम्ही वेल्डिंग करून रस्त्याकडेला उभी केलेली चारही शिल्पं पाहून झाली. कोळ्यांच्या गावाबाहेरचं लोखंडी जाळं अजून ताठ आहे. विणकरांच्या गावच्या लोखंडी हातमागावर थोडा गंज चढलाय, पण ते मनाला लावून घेऊ नका.

शेवटचं शिल्प वीटभट्टीवाल्यांच्या गावाशी. डोक्यावर विटा घेतलेली बाई आणि तिचं बोट धरून चाललेली चार वर्षांची पोर. तिथला पंक्चरवाला म्हणाला, "काम झकास आहे, पण कारागीर चुकला. पोरीच्या पायांत चपला उलट्या आहेत बघा."

बाबा, हे काम चाललं होतं तेव्हा मीही चारच वर्षांची होते आणि तुम्ही आठ महिने घरी नव्हतात. एरवी रोज माझ्या चपला तुम्हीच सरळ करायचात. तुम्ही गेल्यावर मी आईला हात लावू दिला नाही. उलट्याच घालून फाटकाशी बसायचे. तुम्ही मला विसरलात, असंच इतकी वर्षं धरून चालले होते.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या काकूंना सांगा, पुढची ओळ जरा मोठ्यानं वाचा. कारागीर चुकला नाही, असं मी पंक्चरवाल्याला सांगून आले.

अजूनही घाईत चपला उलट्या घालणारी,
तुमची धाकटी