शेवटच्या रांगेतले गृहस्थ

तीर्थरूप सौ. मामीस,

साष्टांग नमस्कार. (हे पत्र स्टुडिओतल्या ध्वनिकक्षात बसून लिहिते आहे. इथे जमिनीवर सगळ्या वायरी आहेत, त्यामुळे साष्टांगातली काही अंगं राहून गेली. ती तू आलीस की पुरी करीन. म्हणजे तू येच, असं नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बहिणीकडचा जिना तुला मानवत नाही असं आई म्हणत होती, पण रागावून गेलेल्या माणसाला जिन्याबद्दल तक्रार करता येत नाही, म्हणून तू गप्प असशील. इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. मामाही ठीक आहेत. जेवतात. थोडं कमी जेवतात.

तू गेल्यापासूनची हकिकत कळवायची राहिली आहे. मला पाल्हाळ लावता येत नाही, पण ही गोष्ट मधूनच सुरू केली तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं तुला वाटेल. तेव्हा तुला माहीत असलेलं थोडं पुन्हा वाच.

मामांचा जुना लिलावाचा हॉल आठव. उंच छत, पॉलिशचा आणि कुबट गाद्यांचा वास, आणि त्या उंच टेबलामागे हातोडा घेऊन उभे मामा. एखाद्या कपाटावर एकच माणूस बोली लावत असला की लिलाव तिथेच बसायचा, कारण लिलावाला दोन माणसं लागतात. मग मामा शेवटच्या रांगेत, खांबाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हातोडा रोखून म्हणायचे, "मागचे गृहस्थ वाढवताहेत!" आणि समोरच्याने मान वळवायच्या आत पुढचा आकडा. (धंद्यात सगळेच करतात, असं त्यांचं म्हणणं. मी पडताळून पाहिलेलं नाही.) यात फक्त वेळेवर थांबायचं कसब लागतं. खऱ्या माणसाने माघार घेतली तर कपाट रिकाम्या खुर्चीला विकलं जायचं, आणि मग ते गुपचूप मागच्या खोलीत नेऊन पुढच्या लिलावात काढावं लागायचं. बरीच वर्षं हे केल्यावर त्या गृहस्थांना मामांनी स्वभावही दिला होता. घड्याळांची आवड, चिनी मातीत रस नाही, घासाघीस करत नाहीत. जेवताना आपण त्यांच्यावरून किती हसायचो. तू एकदा म्हणाली होतीस, "बोलवा की त्यांना जेवायला, निदान तुमच्यापेक्षा वेळेवर येतील." (हे वाक्य मला अलीकडे फार आठवतं.)

हॉल बंद व्हायच्या दिवशी बातमीसाठी कॅमेरा आला. मामा एका चिरलेल्या सुरईबद्दल असं काही बोलले की हॉलची बातमी राहिली बाजूला आणि मामाच वाहिनीवर गेले. पुढचं तू पाहिलंच आहेस. चेहऱ्यावर पावडर, नवा कोट, रस्त्यात ओळखणारे लोक. अडगळीतलं काहीबाही घेऊन माणसं येतात, मामा ते उलटंपालटं करून आधी आशा लावतात, मग ती काढून घेतात, आणि शेवटी प्रेक्षकांत लिलाव. (ध्वनीची नोकरी मला माझ्या गुणांवर मिळाली. मुलाखतीच्या वेळी मामा दाढी करवून घेत होते.) तुझ्या माहेरच्या आरशाच्या टेबलाला त्यांनी साऱ्या लोकांसमोर 'सुबक नक्कल' म्हटलं, तो भाग मीच ध्वनिमुद्रित केला. नंतर टेबल उलटं करून पाहिलं. स्क्रू यंत्रावर कापलेले आहेत, म्हणजे टेबल सांगतात तितकं जुनं नाही. पण ते बोलायची ती जागा नव्हती आणि तू त्यावरून रागावून गेलीस ते रास्त आहे, हे मला मान्य आहे.

आता मुद्दा. टाळ्या आणि हशा टिपायला प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात. माझ्या मिक्सरवर प्रत्येक माइकची वेगळी पट्टी असते; शेवटच्या रांगेवरचा सहाव्या पट्टीवर येतो. त्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची रिकामी ठेवतात, कारण तिच्या पायांमधून कॅमेऱ्याची वायर जाते. मामांनी ती पहिल्याच भागात हेरली. "मागचे गृहस्थ वाढवताहेत!" म्हणाले, आणि माझ्या कानात, सहाव्या पट्टीवर, कोणीतरी हलकेच खाकरलं. चारचौघांत आपलं नाव निघाल्यावर संकोची माणूस खाकरतो, तसं.

मी माइक बदलला. वायर बदलली. वातानुकूलन बंद करायला लावलं. (निर्मातीबाई म्हणाल्या, "बाई गं, आवाज शुद्ध येईल, पण माणसं वितळतील त्याचं काय?") कॅमेरामनच्या घशाची चौकशी केली. तो म्हणाला, "ताई, मी खोकलो तर चित्र हलतं. हललंय का?" चित्र हललं नव्हतं. शेवटी मामांना हेडफोन लावून ते ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून, एखादी वस्तू हातात फिरवून बघावी तसं, पुन्हा पुन्हा ऐकलं. मग हेडफोन खाली ठेवत म्हणाले, "जुना आहे. नक्कल नाही."

इथपर्यंत मी बिघाड समजून चालले होते. पण पुढच्या भागांत क्रम बदलला. आधी मामा हातोडा रोखायचे, मग खाकरणं यायचं. आता खाकरणं आधी येऊ लागलं आणि हातोडा नंतर. मामांच्या कानात काही नसतं आणि प्रेक्षकांना काही ऐकू येत नाही. त्यातच मामांचं थांबायचं कसब बिघडलं आणि दोन घड्याळं रिकाम्या खुर्चीला विकली गेली. परत आणायला मी गोदामात गेले तर घड्याळं नाहीत. पहारेकरी म्हणाला, "घेऊन गेले ना ते."

"कोण ते?"

"मागचे गृहस्थ. तुम्ही सगळे तेच म्हणता ना त्यांना?"

दिसायला कसे होते विचारलं, तर बराच विचार करून म्हणाला, "सभ्य."

मग गेल्या शुक्रवारी शेवटचा भाग झाला. निर्मातीबाईंच्या डोक्यातून नवी वस्तू निघाली होती: 'सादरकर्त्यासोबत एक संध्याकाळ'. मामांनी स्वतःलाच विकायला काढायचं. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी हौसेने हात वर केला. (रागावू नकोस. त्यांनी पुढे काय केलं ते वाच.) दुसरं कोणी बोलेना. सवयीप्रमाणे मामांनी मागच्या गृहस्थांना उभं केलं, आकडा चढत गेला, आणि मुख्याध्यापिकाबाई हात खाली घेत म्हणाल्या, "राहू दे. घरी एक आहे तेवढा पुरे." हशा झाला. मामांनी "एक वार" म्हटलं, "दोन वार" म्हटलं, आणि साऱ्या प्रेक्षकांवरून नजर फिरवली. तशी नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. कोणीतरी हात वर करावा म्हणून ते अक्षरशः शोधत होते. मग तोंडाला सवय होती, ते म्हणून गेलं: "तीन वार."

हातोडा पडला. लोकांना वाटलं, झकास विनोद झाला. टाळ्यांच्या खाली सहाव्या पट्टीवर या वेळी खाकरणं नव्हतं. खुर्ची मागे सरकली आणि कोणीतरी उठून उभं राहिलं.

मामांनी हातोडा उचललेला नाही. धंद्याचा नियम असा, की हातोडा पडला की माल त्याचा. पण तो टेबलावरून उचलेपर्यंत "माझी बोली राहिली" असं कोणी म्हणालं, तर ती घ्यावीच लागते. उचलला की संपलं. म्हणून तो शुक्रवारपासून पडला तिथेच आहे, आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून मामा रोज सकाळी दाढी करून, कोट घालून टेबलाशी येऊन बसतात. कोणाची वाट बघताय विचारलं, तर म्हणाले, "जो आधी येईल त्याची." मी स्वतः हात वर करून पाहिला. म्हणाले, "कार्यक्रमाच्या माणसांना बोली लावता येत नाही."

येत्या शनिवारी सुतार येऊन सेट मोडणार आहेत. त्यांना नियम माहीत नाही. ते टेबल आवरताना हातोडाही उचलतील.

असो. काळजीचं कारण नाही. तुझ्या बहिणीला नमस्कार, आणि जिना चढताना कठड्याला धर.

तुझी भाची

ता. क. काळजीचं कारण आहे. शनिवारच्या आत ये. शेवटच्या रांगेकडे न बघता पुढे ये, हात वर कर आणि "माझी बोली राहिली" म्हण. बाकी काही बोलायची गरज नाही. टेबलाचा विषय तर काढूच नकोस.

ता. क. दुसरा. टेबलाबद्दल मामा माफी मागणार नाहीत. पण काल सेटवर एकटे असताना कोटावरचा माइक चालू आहे हे ते विसरले होते. स्वतःशीच म्हणाले, "स्क्रू सोडले तर बाकी सगळं खरं होतं." मी ते जपून ठेवलं आहे. आलीस की ऐकवते.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी शुक्रवारची सहावी पट्टी पुन्हा ऐकली. खुर्ची सरकल्यानंतर, टाळ्या ओसरताना, एक वाक्य आहे. आवाज मृदू, उच्चार स्वच्छ: "घाई नाही. बाईंना येऊ द्या." हे मामांना सांगायला नको होतं. ऐकून त्यांचे डोळे हॉलच्या दिवसांसारखे चमकले. उभ्या जन्मात त्यांना पहिल्यांदाच दोन बोली लावणारे मिळताहेत आणि दोन्ही खरे. ते थांबणार नाहीत, मामी. तुम्हा दोघांना चढवत बसतील. तेव्हा वाक्य म्हणून झालं की त्यांनी तोंड उघडायच्या आत हातोडा तूच उचल, पर्समध्ये टाक आणि त्यांना घेऊन सरळ घरी जा.

आणि मागच्या गृहस्थांना जेवायला बोलावण्यावरून पुन्हा कधी चेष्टा करू नकोस. ते खरोखरच वेळेवर येतात.