तीन वाजता बंद झालेली पेटी

आप्पा, परवा आईचं तेरावं झालं. मी रडले नाही. माणसं येत होती, मी चहा देत होते, एवढंच. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

खालापूरच्या कचेरीत तुम्ही टेंडरं सांभाळायचात. तीनच्या ठोक्याला पेटीची फट लाखेनं बंद, मग व्हरांड्यात सगळ्या ठेकेदारांसमोर ती उघडायची आणि एकेकाचा दर मोठ्यानं वाचायचा. ही पद्धत तुम्हीच घातलीत. आधी म्हणे पाकिटं साहेबांच्या घरी, चहाबरोबर उघडायची. शाळांच्या बाकांचं टेंडर निघालं तेव्हा कळंबच्या मामानंही दर भरला. आईचा एकुलता भाऊ, सुतारकामात त्या भागात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची यष्टी वाटेत बंद पडली. तो धावत पोचला तेव्हा फटीवर लाख लागली होती.

"दाजी, गाडी बंद पडली वो. लाख अजून गरम हाय, घ्या ना."

"पेटी बंद झाली रं. आता नाय."

शिपाईकाकांनी हे गावभर केलं, म्हणून मला पाठ आहे. सख्खा मेव्हणा असून घेतलं नाही, म्हणून तुमची केवढी वाहवा! मामा व्हरांड्यातूनच परत गेला, तो पुन्हा आपल्या घरी आला नाही. बाक दुसऱ्यानं दिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे पाय डगमगायला लागले. मी त्यांवरच बसून शिकले, माझं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते आईचं. भाऊबीज आहे. आई ताट घेऊन अंगणात उभी आहे आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी चंद्राला ओवाळते आहे. भाऊ तिकडे कळंबला धडधाकट. "अवो, एकदा जाऊन या ना त्याच्याकडं," ती म्हणते. "माझं काय चुकलं?" तुम्ही विचारता. तुम्ही गेल्याशिवाय ती कुठल्या तोंडानं जाणार? ती ताट घेऊन आत जाते. दर वर्षी हेच.

आता मीही सरकारी खरेदीतच आहे. टेंडरं सगळ्यांदेखत उघडते. ऑफिसात जुनी माणसं तुमचं उदाहरण देतात, मी मान हलवते.

तेराव्याला मामा आला. फार थकलाय. ओसरीवरच बसला, पानाला हात लावला नाही. म्हणाला, "तुजा बाप बरोबर व्हता गं. उशीर माजाच. पन सांजच्याला घरी येऊन नुस्तं म्हनायचं व्हतं, बाबा, माजा नाइलाज झाला. मी दुसऱ्याच दिवशी बहिनीकडं आलो असतो." मी त्याला पाणी दिलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? तुमचा अभिमान वाटतो असं मी लोकांना सांगते, ते खोटं नाही. पण घरात मी कायम आईच्या बाजूची होते. तुम्ही होतात तोवर हे तुमच्या तोंडावर एकदाही बोलले नाही. त्या बाबतीत मी तुमच्यावरच गेले.