सात नंबरचं कार्ड

धुळे
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय कौतिक,

तू जिवंत आहेस हे मला काल दुपारी कळलं, आणि तेव्हापासून मी येड्यासारखी एकटीच हसते आहे. तुमच्या गल्लीतला तोताराम बायकोला, धुरपदाबाईला, दाखवायला आमच्या दवाखान्यात आला होता. गावाचं नाव ऐकलं आणि मी जरा चाचरतच म्हटलं, तुमच्याकडचे कौतिकभाऊ गेले ना. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की तपासायचं तर आधी या बाईलाच तपासा. काल तर केळीला पाणी देत होता म्हणाला, बठ्ठं बरं शे, म्हणजे सगळं ठीक. माझा जीव भांड्यात पडला. पण तोताराम पुढेही बोलला ना! तू वाळलायस म्हणे. सकाळी खडखडीत असतोस, पण दिवस कलला की बोलता बोलता मधेच थांबतोस, आणि भाकरी अर्धी टाकून उठतोस. हे मला मुळीच आवडलेलं नाही. गाठ काढून अकरा वर्षं झाली असली, तरी हा आजार उशिराही परत येतो. येतो, हे मीच माझ्या कागदांत लिहून ठेवलंय.

काल घरी आले आणि खिडकीशी नुसती बसून राहिले. मेहरूणचा तलाव दिसत होता मला, इथे धुळ्यात बसून. जळगावला कॉलेजात असताना आपण तिकडे बोरं खायला जायचो, आठवतं? पाणी पांढरं पडलेलं, वारा नाही, आणि तू बोलता बोलता डोळे मिटायचास. मी चिडायचे. मी एवढं मन लावून सांगतेय आणि हा शहाणा झोपतोय! तुमच्या घरचेही तुला झोपाळूच म्हणायचे. एका संध्याकाळी तू म्हणालास, लता, मला दोन सूर्य दिसताहेत. मला वाटलं, काय बाई गोड बोलतो हा. मी लाजलेसुद्धा. ते स्नायू थकवणाऱ्या त्या आजाराचं लक्षण होतं हे कळायला मला डॉक्टरकी शिकावी लागली.

मग मुंबईचा तो वॉर्ड, मी शिकाऊ आणि तू पेशंट. सरांनी तुला सुई दिली आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे. दहाएक मिनिटांत तुझ्या पापण्या हळूहळू वर गेल्या. इतक्या दिवसांनी तू माझ्याकडे पूर्ण डोळे उघडून पाहिलंस. बाकीची पोरं वहीत टिपण काढत होती, आणि मला काहीही लिहिता आलं नाही. छातीच्या हाडामागची गाठ मग फोटोत सापडली, ती काढली, तू बरा झालास. आणि बरं झाल्यावर काय केलंस, तर मला सांगितलंस, ही परत येते म्हणतात, तू तुझं बघ. मीही कमी नाही. बरं म्हटलं आणि तरातरा निघून आले. किती मूर्ख होतो आपण दोघं!

तेव्हापासून, तुझी गाठ जिच्यात होती, त्या ग्रंथीच्या मागे मी लागले आहे. थायमस. लहानपणी ती चांगली मोठी असते, शरीराला आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवते, आणि आपण मोठे झालो की हळूहळू विरून जाते. तिच्या गाठी फार कमी लोकांना होतात. दहा वर्षांत मी अकराच माणसं गोळा करू शकले. भिंगाखाली तिचे पातळ काप गुलाबी-जांभळे दिसतात, मधूनच कांद्याच्या पाकळ्यांसारखी गोल गोल वेटोळी. तासन् तास बघत बसते मी. लोक म्हणतात, बाईंना संशोधनाचं वेड आहे. म्हणू देत. मला ही गाठ परत का येते ते शोधायचं होतं, कारण तिच्याच भीतीनं तू मला परत पाठवलं होतंस.

आता माझा गाढवपणा ऐक. दरवर्षी मी अकराही जणांना जोडकार्ड पाठवते. पापण्या पडतात का, चावताना जबडा थकतो का, एवढंच विचारते. उत्तराच्या कार्डावर माझा पत्ता आणि पेशंटचा नंबर मीच घालून ठेवते. तुझा सात. नोव्हेंबरात सात नंबरचं कार्ड परत आलं, आणि त्याचा कोपरा फाटलेला होता. कौतिक, मी डॉक्टर आहे, माणसं कशानं मरतात ते मी पोरांना शिकवते. पण कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर, ते घरात ठेवायचं नाही, हे मला आईनं त्याच्या आधी शिकवलंय. मी ते उलटून वाचलंसुद्धा नाही. दारातल्या निंबाखाली जाऊन त्याचे चार तुकडे केले आणि अंगावरच्या साडीसकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं. तुमच्या दारी बसायला येणार होते, पण कुठल्या नात्यानं येऊ? जानेवारीत पुण्याला शंभर डॉक्टरांसमोर उभं राहून वाचलं, अकरापैकी एक दगावला. आवाज नीट ठेवला मी. नंतर मात्र बाथरूममध्ये खूप रडले.

आणि खरं काय, तर तोताराम तुझं कार्ड मेथीच्या पिशवीत ठेवून जामनेरच्या बाजारात गेला होता, आणि तिथे शेळीनं मेथीबरोबर कार्डाचाही कोपरा खाल्ला! पत्ता शाबूत दिसला, म्हणून त्यानं तसंच पेटीत टाकलं. काल मी त्याला ओरडले तेव्हा कपाळावर हात मारून घेतला बिचाऱ्यानं. आता पुण्याला कळवायचंय की सात नंबर हयात आहे, माझी चूक झाली. इतक्या आनंदानं चूक कबूल करणारी बाई त्यांनी पाहिली नसेल.

तोताराम उद्या गावी परततोय, हे पत्र त्याच्याच हाती देते आहे, या वेळी पिशवीत नाही, खिशात. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं कमीजास्त करू नकोस. संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून खा. श्वास लागला, तर माझी वाट न बघता हे पत्र घेऊन थेट जळगावचा दवाखाना गाठ.

काल दवाखान्यातून निघता निघता तोताराम म्हणाला, तू चार महिने पोस्टमनला विचारतो आहेस, धुळ्याचं उत्तर आलं का. कौतिक, माझ्या छापील प्रश्नांची उत्तरं पाठवून कोणी माझ्या उत्तराची वाट बघत नाही. म्हणजे त्या कार्डावर तू मला काहीतरी विचारलं होतंस, आणि ते मी न वाचता मातीत टाकलं. म्हणून हे लिहिते आहे. मंगळवारी मी येते. चाळीसगाव, पाचोरा, आणि पुढे ती रमतगमत जाणारी छोटी गाडी. सुई बरोबर आणते आहे. काय विचारलं होतंस ते तोंडानं सांग. आजाराचं असेल, तर मी तुला घेऊनच परत निघेन. आणि आजाराचं नसेल, दुसरंच काही असेल, तर घाबरू नकोस, विचार. माझं उत्तर हो आहे.

तुझीच, अजून एकटीच असलेली,
लता