हिंगूळ लावलेलं झाकण

प्रिय सहादेव,

पत्र बघून तुला वाटेल, ह्याचा मोबाईल हरवला की काय. हरवलेला नाही. दोनदा तुला फोन लावला होता. पहिल्यांदा तुझा आवाज आला आणि मी कट केला. दुसऱ्यांदा तुझ्या सायलीनं उचलला. "काका, बरे आहात ना? गाडी काय म्हणती?" पोरीनं असं विचारलं, जसं काही झालंच नव्हतं. रेंज नसल्याचं नाटक करून मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. लिहिताना निदान तुझ्याकडं बघावं तरी लागत नाही.

गाडीचंच आधी सांगतो. व्हॅन आता ठणठणीत आहे. गेल्या पोळ्यानंतर तिनं जो छळ मांडला होता, तो आठवला तरी घाम फुटतो. काष्टीहून निघालं की पंधरा-वीस किलोमीटर गुमान पळायची, मग चार आचके देऊन बंद. दहा मिनिटं कडेला उभी केली की परत चालू, आणि मेस्तरीच्या दारात नेली की अगदी शहाण्यासारखी. बाजाराच्या बाया बोचकी खाली ठेवून धक्का मारायच्या आणि मला शिव्या द्यायच्या. पंपावर टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज यायचा, आणि पेट्रोल टाकलं की गाडी परत सरळ. आमची चांगुणा म्हणायची, "भुकंली हुती तुमची गाडी, दुसरं काय न्हाई." आम्ही हसायचो. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, कॉइल बदलली, पुढची लिंबू-मिरचीसुद्धा बदलली.

तुझ्या गॅरेजच्या शेडकडं मात्र आणली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. पोळ्याच्या आठ दिवस आधी कार्बोरेटर तूच खोलून साफ केला होतास. पुढं एक मेस्तरी सहज म्हणाला, "कार्बोरेटर जुना दिसतोय वो." झालं. माझ्या डोक्यात भरलं की माझा चांगला काढून घेऊन तू दुसऱ्या कुणाचा तरी बसवलास. चौथीपासूनची आपली दोस्ती, एका डब्यात भाकरी खाल्लेली, आणि मी तुला एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही. दिवाळीनंतरच्या शनिवारी भर बाजारात, चहाच्या टपरीसमोर, तुझी गचांडी धरून तुला चोर म्हणालो. तू माझा हात सोडवलास, कानाशी येऊन हळूच म्हणालास, "भिमा, घरी जाऊन टाकीचं झाकण बघ." आणि मी काय केलं? तेच मोठ्यानं सगळ्यांना ऐकवलं. "बघा, इंजिनाची वाट लावली आन् मला झाकण दावतोय!" लोक हसले. टपरीवाला रंभाजी तर चहा सांडेपर्यंत हसला. तू खाली मान घालून गेलास. त्यानंतर तुझ्या शेडकडं कुणी गाडी नेईना. संक्रांतीच्या आत शेडला कुलूप लागलं आणि तू चाकणला दुसऱ्याच्या वर्कशॉपात कामाला गेलास.

चैत्रात एकदा घोडेगावचं भाडं होतं. नगरच्या पंपावर पेट्रोल टाकलं आणि झाकण तिथंच विसरलो. पुढं गेल्यावर लक्षात आलं, तेव्हा टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं. घोडेगावला गेलो, परत पंपावर आलो, एक आचका नाही. मला लई आनंद झाला. झाकण घेतलं, घट्ट बसवलं, आणि वीस किलोमीटरवर गाडी बंद. मग मात्र रस्त्याच्या कडेला बसून ते झाकण पहिल्यांदा नीट बघितलं. टाकीत हवा जावी म्हणून त्याला जे बारीक भोक असतं, ते लाल रंगानं बुजलं होतं. पेट्रोल संपेल तशी आत हवा जायला वाटच नव्हती, मग पेट्रोल पुढं सरकणार कसं? टाचणीनं रंग उकरला. त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

तो रंग म्हणजे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ होता. बैल विकल्यापासून पोळ्याला मी व्हॅनच सजवतो, हे तुला माहीत आहे. आरशांना गोंडे, हेडलाईटवर बेगड. तिला शिंगं नाहीत, म्हणून गेल्या साली हौसेनं झाकणालाच हिंगूळ लावला होता. मीच, माझ्या हातानं.

आता खरी लाजेची गोष्ट. हे मला चैत्रात कळलं आणि आता श्रावण संपत आला. चार महिने मी गप्प बसलो. गाडी कुणी नीट केली, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, श्रीगोंद्याला एक मेस्तरी भेटला. असा कुणी मेस्तरी नाही रे. तुला चोर म्हणताना जीभ अडखळली नाही, आणि खरं सांगायची वेळ आली तर दातखीळ बसली. माझीच मला किळस येते.

परवा चांगुणानं पोळ्यासाठी हिंगूळ आणला आणि विचारलं, "औंदा आधी काय रंगवायचं?" मला ती पुडी हातात धरवेना. शनिवारी त्याच टपरीसमोर उभा राहिलो, झाकण हातात घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. रंभाजी या वेळी हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "सहादूला सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. घरी येताना मला गेल्या पोळ्याची सकाळ आठवली. मी झाकण रंगवत होतो आणि हिंगुळाची वाटी धरून शेजारी तूच उभा होतास. "बास की, लई थापतोयस," असं म्हणालाही होतास. म्हणजे बाजारात मी तुझी गचांडी धरली, तेव्हा हे कुणाच्या हातून झालंय ते तुला ठाऊक होतं. चार लोकांत माझं हसं होऊ नये म्हणून तू ते माझ्या कानात सांगितलंस. माफ कर, असं लिहायचं धाडस होत नाही. पोळा आठ दिवसांवर आलाय. सायलीला घेऊन ये, चांगुणा पुरण घालणार आहे. त्याआधी त्या टपरीसमोर उभं राहून मला काय म्हणायचं ते म्हण. पण कानात नको, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण.

लायकी नसली तरी तुझाच,
भिमाजी